सुटकेची दरखास्त

आमच्या मानवतच्या घरात तुरुंगाची गोष्ट आजोबांनी सांगायची आणि सुटकेची आजीनं, अशी वाटणीच होती. आजोबांच्या गोष्टीत हैदराबादचा चंचलगुडा तुरुंग, घोषणा, बेड्या. आजीच्या गोष्टीत नुसती कागदं आणि हेलपाटे. मला तिचीच गोष्ट जास्त खरी वाटत आली, कारण तिच्यात कुणीच फारसं शूर नव्हतं.

साल १९३८. आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या औरंगाबाद सुभ्यात. परतूर, हिंगोली, वसमत सगळं त्यातच. आदल्या वर्षी परतूरला गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली संस्थानातल्या मराठी लोकांची महाराष्ट्र परिषद भरली होती आणि तिची हवा गावोगाव पोचली होती. मग हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर ७ सप्टेंबरला, जन्माआधीच, तिच्यावर बंदी. ही संस्था जातीय आहे, असं सरकारचं म्हणणं. २४ ऑक्टोबरला बंदी मोडून सत्याग्रह करणारी नानलांची पहिली तुकडी पकडली गेली, तीन दिवसांनी स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांची. बघता बघता चारेकशे माणसं आत गेली. आजोबा मधल्याच कुठल्या तरी तुकडीत होते.

घरच्यांनी करावं काय? सभा घ्यावी तर सरकारचा हुकूम, गश्ती निशान ५३, आडवा. परवानगीशिवाय माणसं जमवायची नाहीत. सामान्य माणसाच्या मतावर निवडून आलेला आमदार संस्थानात नव्हताच, तेव्हा त्याच्या दारात जाऊन बसायचीही सोय नाही. मग पणजोबा पाटलाकडे गेले, पाटील देशमुखाकडे, देशमुख अव्वल तालुकदाराकडे. अव्वल तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. वरून खाली निरोप एकच आला: माफीनामा द्या, माणूस घेऊन जा.

पणजोबांना ते चालणार होतं. आजीला नवरा ठाऊक होता. ती सासऱ्यांना न सांगता कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेली. कारभार सगळा उर्दूत, त्यामुळे म्हाताऱ्या चाचांशिवाय गावाचं पान हलत नसे. चाचांनी विचारलं, "बेटी, माफी लिखूँ?"

"माफी सोडून काय लिवायचं ते लिवा चाचा. ह्यांनी कुणाला दगड मारला नाही, शिवी दिली नाही. नुसतं रस्त्यानं चालले. ते लिवा."

चाचांनी लिहिलं आणि पैसे घेतले नाहीत. त्या काळातला हिंदू-मुसलमान असा सरळ हिशेब कुठं वाचला, की मला चाचांना कुठल्या रकान्यात टाकावं ते कळत नाही.

दुसरी वाट हद्दीपलीकडची. वऱ्हाडात इंग्रजी अंमल होता, पण मंत्रिमंडळ काँग्रेसचं. तिथं सभा भरत, ठराव होत. आजीचा चुलतभाऊ अटकेतल्यांच्या नावांची यादी अंगरख्याच्या अस्तरात शिवून निघाला. पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रेल्वे, पुढे वाशीम, अकोला रस्त्यानं. अकोल्यात त्याला सहानुभूती भरपूर मिळाली. काँग्रेसचं अधिकृत पाठबळ मात्र मिळेना. संस्थानातल्या लोकांनी आपली लढाई आपल्या संघटनेच्या नावानं लढावी, असं त्याच वर्षी काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनात ठरलं होतं. इकडं निजामाचं सरकार तर 'काँग्रेस' हे नावच टाका म्हणत होतं. दोन्हीकडून अडलेल्या माणसांसाठी गांधीजी निजामाचे सदर-ए-आझम, म्हणजे पंतप्रधान, अकबर हैदरींशी पत्रव्यवहार करत होते. आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रह त्याच वेळी पेटलेले. सगळं एकात एक मिसळायला लागलं, तसा गांधीजींच्या सल्ल्यानं २४ डिसेंबरला स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह थांबवला.

इथं आमच्या घरात दोन पक्ष पडत. आम्ही आत खडी फोडतोय आणि बाहेर लढाच बंद, ही सल आजोबांनी मरेपर्यंत धरली. आजी म्हणे, थांबला म्हणून तर माणसं सुटायला लागली. सुटली, हे खरंच. १९३९ मध्ये हळूहळू सुटली. पण बंदी जुलै १९४६ पर्यंत उठली नाही, आणि मला वाटतं सरकारला तो सौदा फार स्वस्तात पडला. पुढंही तेच. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामी रामानंद तीर्थांना पकडलं, २९ नोव्हेंबरला दिल्लीशी जैसे थे करार झाला तशी सुटका, जानेवारीत पुन्हा आत. मग थेट सप्टेंबर १९४८, भारत सरकारची पोलीस ॲक्शन. माणसं आत जायची आपल्या मर्जीनं, बाहेर यायची हैदराबाद आणि दिल्लीच्या.

आजोबा १९३९ च्या उन्हाळ्याआधीच घरी आले. आजीच्या दरखास्तीनं, अकोल्याच्या यादीनं, की नुसतीच त्यांची पाळी आली म्हणून, हे कुणालाच सांगता आलं नाही. १९७२ साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन निघाली, तिला सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट. आजोबांचे दिवस कमी भरले. ते चिडून म्हणत, "तुझ्या त्या अर्जापायी माझी पेन्शन बुडाली."

आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "मग जा माघारी. राहिलेले दिवस बसून या."