समाकलनाचे पाठ: बंद पत्रांपासून खुल्या फळ्यापर्यंत

कलनशास्त्राच्या दोन शाखांपैकी अवकलन, म्हणजे एखादी राशी दुसरीच्या मानाने किती वेगाने बदलते हे काढण्याची क्रिया, मूठभर नियमांनी पुरती बांधलेली आहे. नियम पाठ असले आणि हात स्थिर असला की कितीही गुंतागुंतीच्या फलाचे अवकलन शेवटास जाते. समाकलन ही तिच्या उलट क्रिया होय: बदलाचा वेग ठाऊक असताना मूळ राशी शोधणे किंवा भूमितीच्या भाषेत वक्राखालचे क्षेत्रफळ काढणे, आणि येथे सर्वत्र चालेल असा सोपा नियम नाही. चल बदलून पाहावा की गुणाकाराचे दोन भाग पाडावेत, त्रिकोणमितीचा आधार घ्यावा की अपूर्णांक फोडावा, याचा निर्णय प्रत्येक उदाहरणात नव्याने घ्यावा लागतो, आणि हा निर्णय कसा घेतला जातो हे जाणत्या माणसाला तो घेताना पाहूनच बहुतेकांना उमगते. त्यामुळे समाकलन शिकण्याचा इतिहास हा जाणत्याच्या शेजारी बसण्याची संधी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याचा इतिहास आहे.

सतराव्या शतकात ती संधी फार थोड्यांना होती. लायब्निझने २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात समाकलनासाठी लांब ताणलेल्या ‘एस’ अक्षराचे चिन्ह प्रथम वापरले, आणि पुढच्याच वर्षी न्यूटनने ओल्डेनबर्ग या मध्यस्थामार्फत त्याला पाठवलेल्या पत्रात आपल्या पद्धतीचे मर्म अक्षरांची उलथापालथ करून, नुसती संख्या आणि अक्षरे लिहून दडवले. शोध आपला असल्याची नोंद व्हावी, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागू नये, असा तो प्रकार होता. याहून बोलके उदाहरण योहान बर्नुली आणि फ्रेंच सरदार लोपिताल यांचे आहे. १६९१-९२ मध्ये तरुण बर्नुलीने लोपितालला पॅरिसमध्ये आणि त्याच्या गावाकडच्या वाड्यात कलनशास्त्राचे खाजगी पाठ दिले, आणि १६९४ मध्ये लोपितालने त्याच्याशी असा करार केला की वार्षिक तीनशे लिव्हर मानधनाच्या बदल्यात बर्नुलीने त्याच्या प्रश्नांवर काम करावे, नवे शोध त्याला कळवावेत आणि ते इतर कोणालाही देऊ नयेत. अवकलनाचा भाग लोपितालच्या १६९६ च्या पुस्तकातून जगापुढे आला, मात्र समाकलनाचे ते पाठ बर्नुलीच्या समग्र लेखनात १७४२ साली छापले गेले. एका विद्यार्थ्यासाठी लिहिलेली व्याख्याने इतरांच्या हाती पडायला पन्नास वर्षे लागली, ही गोष्ट त्या काळच्या ज्ञानव्यवहाराबद्दल पुष्कळ सांगून जाते.

अठराव्या शतकात ग्रंथांनी हा अडसर बराच दूर केला. मिलानच्या मारिया आन्येसी यांनी १७४८ मध्ये विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून इटालियन भाषेत कलनशास्त्राचा दोन खंडांचा पाठ्यग्रंथ लिहिला, आणि ऑयलरने १७६८ ते १७७० या काळात समाकलनाचे तीन खंड प्रसिद्ध करून तोवर विखुरलेल्या युक्त्यांना पद्धतींचे रूप दिले. आजच्या वर्गात शिकवली जाणारी बहुतेक तंत्रे तेव्हाच घडलेली होती. तथापि छापील ग्रंथाने एक नवी उणीवही निर्माण केली, आणि तिची दखल शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही: ग्रंथात सुटलेले उदाहरण असते, सुटण्याआधीची चाचपड नसते. पहिल्या ओळीत एखादे चमत्कारिक आदेशन, म्हणजे जुन्या चलाच्या जागी नवे चल घालणे, येते आणि चौथ्या ओळीत उत्तर येते. ते आदेशन सुचले कसे, आणि त्याआधी कोणते दोन मार्ग फसले, हे लेखक सांगत नाही.

मुंबई इलाख्यात ही विद्या आली ती याच छापील रूपात. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धि’ या नावाने कलनशास्त्र मराठीत आणण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केला होता, यावरून मराठी लेखकांची उमेद किती मोठी होती ते दिसते. परंतु १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. त्याच वर्षी केंब्रिजच्या आयझॅक टॉडहंटरचा समाकलनावरील ग्रंथ निघाला, आणि पुढे कित्येक पिढ्या भारतीय महाविद्यालयांत टॉडहंटरच्या पुस्तकांचे राज्य चालले. डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा शिक्षक लाभलेल्या टिळकांसारख्या विद्यार्थ्यांना पुस्तकामागची वाट दाखवणारा माणूस समोर होता. ज्यांना असा शिक्षक लाभला नाही, त्यांना पुस्तकातील उदाहरणे तोंडपाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि गणित पाठ करण्याची आपल्याकडची खोड काही अंशी या परिस्थितीतून आली असे म्हणण्यास जागा आहे.

शिक्षकाचा हात आणि आवाज दूरच्या माणसापर्यंत नेण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या आधाराने सुरू झाले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पाठ १९७१ पासून बीबीसीवर दिसू लागले; भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचा शैक्षणिक कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर येऊ लागला. मात्र ठरलेल्या वेळी एकदाच दिसणारा पाठ समाकलनाला फारसा मानवत नाही, कारण या विषयात मागे जाऊन तीच ओळ पुन्हा पाहण्याची गरज क्षणोक्षणी पडते. या दृष्टीने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे १९७० मध्ये झालेले चित्रीकरण महत्त्वाचे ठरते. नोकरीत असलेल्या अभियंत्यांना विसरलेले गणित पुन्हा शिकता यावे म्हणून तेथील प्रगत अभियांत्रिकी अभ्यास केंद्राने हर्बर्ट ग्रॉस या शिक्षकाची कृष्णधवल व्याख्यानमाला तयार केली, आणि तिच्यात समाकलनाच्या तंत्रांना स्वतंत्र विभाग मिळाला: मूलभूत कृती, आंशिक अपूर्णांक, खंडशः समाकलन आणि अखेरीस अनंतापर्यंत जाणारी समाकले. ग्रॉस प्रत्येक युक्ती करण्यापूर्वी ती का करायची ते सांगतात, आणि ग्रंथांनी गाळलेली नेमकी तीच गोष्ट होती. चाळीसएक वर्षांनी ही जुनी फीत इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाली, तेव्हा ती ज्यांच्यासाठी बनवली त्यांच्या नातवंडांच्या वयाचे विद्यार्थी तिच्यावर शिकू लागले.

याच संस्थेत त्याआधी घडलेली एक घटना समाकलनातील ‘सुचणे’ म्हणजे काय यावर मोठा प्रकाश टाकते. १९६१ मध्ये जेम्स स्लॅगल या संशोधकाने मार्विन मिन्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सेंट’ नावाचा संगणक-कार्यक्रम लिहिला आणि त्याला समाकलनाचे ८६ प्रश्न दिले, त्यांपैकी ५४ एमआयटीच्याच प्रथम वर्षाच्या परीक्षांतले होते. कार्यक्रमाने दोन सोडून सर्व प्रश्न सोडवले. त्यासाठी स्लॅगलला विद्यार्थ्याच्या मनातील अस्पष्ट क्रम स्पष्ट लिहावा लागला: आधी ज्यांत कधीच नुकसान नाही अशा कृती कराव्यात, जसे स्थिरांक बाहेर काढणे किंवा बेरजेचे तुकडे पाडणे, त्या संपल्यावर मगच बहुधा लाभतील पण फसूही शकतील अशा कृतींकडे वळावे, आणि अनेक वाटा उघड्या असतील तर आधी सर्वांत सोपी दिसणारी धरावी. पॅट्रिक विन्स्टन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या २०१० सालच्या व्याख्यानमालेत या कार्यक्रमाची कार्यपद्धती एका अवघड समाकलावर फळ्यावर उलगडून दाखवली आहे. तो पाठ संगणकशास्त्राचा असला तरी समाकलन शिकणाऱ्याने तो अवश्य पाहावा, कारण पाठ्यपुस्तके ज्याला अनुभव म्हणून सोडून देतात तो येथे पायरीपायरीने मांडलेला आहे.

एमआयटीने आपले सर्व अभ्यासक्रम जगाला विनामूल्य देण्याचा निर्णय ४ एप्रिल २००१ रोजी जाहीर केला. इंटरनेटवरील शिक्षणातून विद्यापीठांनी पैसा मिळवावा, अशी त्या काळातली सार्वत्रिक धारणा होती, आणि संस्थेच्या प्राध्यापकांची समितीही आरंभी त्याच दिशेने विचार करत होती. तरीही तिने अखेरीस ज्ञान विकण्याऐवजी वाटावे अशी शिफारस केली, अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी ती उचलून धरली, आणि ह्यूलेट व मेलन या दोन प्रतिष्ठानांनी पहिल्या टप्प्यासाठी १ कोटी १० लाख डॉलर दिले. २००२ मध्ये पन्नास अभ्यासक्रमांनी ‘ओपनकोर्सवेअर’ सुरू झाले आणि २००७ पर्यंत त्यांची संख्या १८०० वर गेली. बर्नुलीच्या कराराशी या निर्णयाची तुलना केली तर त्याचे मोल कळते: तीन शतकांपूर्वी ज्या विद्येच्या गुप्ततेसाठी वर्षासन दिले जात होते, तीच उघडी करण्यासाठी आता देणग्या गोळा होत होत्या.

एकचल कलनशास्त्राची जी व्याख्याने या प्रकल्पातून सर्वाधिक परिचित झाली ती डेव्हिड जेरिसन यांनी २००६ च्या शरद सत्रात दिलेली होत; त्यांपैकी त्रिकोणमितीय समाकलांचे पाठ हेन्स मिलर यांनी घेतले आहेत. आंशिक अपूर्णांकांच्या पाठात जेरिसन ज्या रीतीने विषय उभा करतात ती लक्षात राहण्याजोगी आहे. ते प्रथम १ भागिले (क्ष − १) आणि ३ भागिले (क्ष + २) ही दोन सोपी पदे घेतात, त्यांची बेरीज करून अंशात (४क्ष − १) आणि छेदात (क्ष² + क्ष − २) असलेला एकच अपूर्णांक बनवतात, आणि मग विचारतात की समोर हाच अपूर्णांक आला तर मूळची दोन पदे परत कशी मिळवावीत. उत्तर ऑलिव्हर हेविसाइडच्या ‘झाकण्याच्या’ रीतीने येते: छेदाचे अवयव पाडावेत, (क्ष − १) हा अवयव हाताने झाकावा आणि उरलेल्या पदावलीत क्षची किंमत १ घालावी, म्हणजे ३ भागिले ३, अर्थात १, हा पहिला अंश मिळतो, नंतर (क्ष + २) झाकून क्षची किंमत −२ घातली की −९ भागिले −३, अर्थात ३, हा दुसरा अंश हाती येतो. एरवी दोन समीकरणे मांडून सोडवावी लागणारी ही गोष्ट दोन ओळींत संपते. हेविसाइड हा स्वतः वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून पुस्तकांवर गणित शिकलेला तारयंत्र कर्मचारी होता, आणि त्याची रीत स्वतःच्या बळावर शिकणाऱ्या लाखोंपर्यंत या मार्गाने पोचावी हे फार उचित झाले.

भारतात याच सुमारास, २००३ मध्ये, मुंबईसह सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या निधीतून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम उभारला. तंत्रशिक्षणाचा विस्तार वेगाने होत होता, नव्या महाविद्यालयांना पुरेसे जाणते शिक्षक मिळत नव्हते, आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ती जुनी विषमता, एकीकडे शिक्षक आणि दुसरीकडे नुसते पुस्तक, अधिकच तीव्र झाली होती. एनपीटीईएलचे पाठ कोणालाही फुकट पाहता येतात, शुल्क लागते ते प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच; समाकलनाच्या पायाभूत सिद्धांतात ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीचे इंदरकुमार राणा यांची ‘मापन आणि समाकलन’ ही माला आहे. काही व्याख्यानांच्या संहिता मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरवल्या गेल्या आहेत, आणि मराठी माध्यमातून अकरावीत येऊन एकाएकी इंग्रजी परिभाषेला सामोऱ्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा आधार होतो. तरीही व्याख्याता बोलतो आणि फळ्यावर लिहितो ते इंग्रजीतच, आणि चाचपडीची, फसलेल्या वाटेची, ‘हे जमत नाही, आता दुसरे पाहू’ या वाक्याची जी भाषा समाकलनात सर्वांत मोलाची, ती मराठीत विद्यापीठीय पातळीवर अजून फारच थोडी ऐकू येते.

विनामूल्य व्याख्यानांत गणिताच्या अनेक शाखा आल्या, पण समाकलनाइतकी दुसरी कोणतीच एकट्या शिकणाऱ्याला अनुकूल नाही, आणि त्याचे कारण विषयाच्या घडणीतच आहे: मिळालेल्या उत्तराचे अवकलन करावे, मूळ फल परत आले की उत्तर बरोबर, त्यासाठी शिक्षकाची सही लागत नाही. २०११ च्या जानेवारीत एमआयटीने खास स्वयंशिक्षणासाठी एकचल कलनशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने मांडला, त्यात प्रश्नसंच आणि त्यांची उत्तरे जोडून दिली. तेथेही एक अडचण उरते ती अशी की एकाच समाकलाची दोन बरोबर उत्तरे अगदी वेगळी दिसू शकतात. साइन आणि कोसाइन यांच्या गुणाकाराचे समाकल एका वाटेने साइनच्या वर्गाचे अर्धे येते, दुसऱ्या वाटेने कोसाइनच्या वर्गाचे उणे अर्धे, आणि छापील उत्तराशी आपले जुळत नाही म्हणून नवखा विद्यार्थी बरोबर सोडवलेले उदाहरण खोडून टाकतो. त्या दोन उत्तरांत केवळ अर्ध्या या स्थिरांकाचा फरक आहे आणि समाकलनात स्थिरांक मोकळाच असतो, हे फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाने दोन्ही वाटा शेजारी शेजारी करून दाखवल्या की क्षणात स्पष्ट होते.