घरामागचं रान काढून बाग करायचीय? जालन्यात सुरुवात पाण्याच्या हिशोबापासून करा

पाऊस सुरू होऊन दोन महिने झाले की जालन्यातल्या कितीतरी घरांमागे माणूस दिसणार नाही एवढं रान माजतं. जुना वाडा असो की नव्या वसाहतीतला प्लॉट, परसात गाजर गवत, घाणेरी, वेडी बाभूळ आणि बांधकामाचं उरलेलं डबर ठरलेलंच. मग कधीतरी मोबाईलवर कुणाच्या तरी हिरव्यागार लॉनची रील दिसते आणि आपणही असंच काहीतरी करायचं असं डोक्यात येतं.

करा की. फक्त ती रील जालन्यात काढलेली नसते, एवढं लक्षात ठेवा.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं जोपासलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. ज्या जिल्ह्यात पोट भरणारं झाड जगवता आलं नाही, तिथे शोभेच्या गवताला उन्हाळाभर पाणी पाजणं मला तरी पटत नाही. त्यामुळे लॉनचा विचार आधीच सोडून दिलेला बरा.

रान काढताना घाई नको

वाढलेल्या गवतात थेट हात घालू नका. महाराष्ट्रात माणसाला धोका असलेले चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस तर चाहूल लागली तरी जागची हलेलच असं नाही. म्हणून गमबूट घाला, लांब काठीनं गवत हलवत पुढे जा आणि एका बाजूनं कापत न्या, म्हणजे आतल्या जनावराला पळायला दुसरी बाजू मोकळी राहते. विटांचा ढीग भर दिवसा आणि वरून एक-एक वीट उचलून काढा. चुकून दंश झालाच, तर दोरी आवळणं, चिरा देणं यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. (रातराणीच्या वासानं साप येतो, हे खरं नाही. तो येतो उंदीर आणि बेडकांसाठी.)

खरा चिवट शत्रू गाजर गवत. भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते इथे पोचलं, असं मानलं जातं. एक रोपटं हजारोंनी बी टाकतं, म्हणून ते पांढऱ्या फुलांवर येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, कारण त्यानं खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो. फूल नसलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. फुलावर आलेलं मात्र तिथे टाकलं, तर पुढच्या वर्षी खताबरोबर बीही पसरतं. मोकळ्या झालेल्या जागेत तरोट्याचं बी फेकलं की ते गाजर गवताला दाबून टाकतं. पानांवर काळ्या रेघांचे पांढरट भुंगे दिसले तर फवारणी करू नका. ते मेक्सिकन भुंगे आहेत, १९८० च्या दशकात हेच गवत खायला मुद्दाम आणलेले.

काळी माती आणि छतावरचं पाणी

आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि मे महिन्यात पाऊल अडकेल एवढी फाटते. दोन्हीचा फटका मुळांना बसतो. उपाय सोपा आहे. जमिनीपासून वीतभर उंच वाफे करा, भरपूर शेणखत घाला आणि झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा थर ठेवा. माती तपासून घ्यायची असेल तर जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

आता पाणी. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. म्हणजे १००० चौरस फुटांच्या, साधारण ९३ चौरस मीटरच्या स्लॅबवर ७०० मिलिमीटर पावसाचं ६५ हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी ५२ हजार लिटर उरतं. १००० लिटरची टाकी तर १४ मिलिमीटरच्या एका पावसातच भरते. अडचण अशी की तेवढ्यानं मे महिना निघत नाही. म्हणून टाकी भरल्यावरचं पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणाला सोडायचं, आणि उन्हाळ्यात न्हाणीच्या पाण्यावर भागवायचं. ज्यांच्या आजीनं न्हाणीमागे केळ, अळू आणि कर्दळ लावली होती, त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

बसायची जागा कुठे?

इथे छळतं ते दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन. त्यामुळे कडुलिंबासारखं मोठं झाड पश्चिमेला, भिंतीपासून दहा-पंधरा फूट सोडून लावा आणि त्याच्या पूर्वेला शहाबादी फरशीचा छोटा कट्टा करा. कट्ट्याजवळ मोगरा आणि पारिजातक. कुंपणाला बोगनवेल, कारण एकदा रुजली की ती कमी पाण्यावर तग धरते. खाण्यासाठी सीताफळ, लिंबू, कढीपत्ता. शेवगा लावायचा असेल तर कट्ट्यापासून लांब लावा, त्याच्या फांद्या वाऱ्यात पटकन मोडतात. कण्हेर दिसायला छान, पण अंगापानासकट विषारी, घरात लहान मूल असेल तर नकोच.

रोपं जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा, म्हणजे पहिले चार महिने पाणी घालायचं काम ढग करतात. गाजर गवताचं बी मात्र मातीत काही वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे पुढचे दोन-तीन पावसाळे, आठवड्यातून अर्धा तास, हातमोजे घालून वाकावं लागणार आहे.