किल्लीचे पैसे

भाड्याच्या घराच्या जादा किल्ल्यांचे पैसे कोणी द्यायचे, मालकाने की भाडेकरूने, यावर आमच्या नातेवाइकांच्या ग्रूपवर गेल्या महिन्यात चांगले चार दिवस रण माजले होते. निमित्त भाचीचे. तिने पुण्यात मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेतला. मालकाने एक किल्ली हातावर ठेवली, एक स्वतःकडे ठेवली आणि म्हणाला, "तुम्ही दोघी आहात, तर दुसरी तुमची तुम्ही करून घ्या." किल्ली साधी दातेरी नव्हे, ती हल्लीची खळगेवाली, कोपऱ्यावरचा चावीवाला हात लावत नाही अशी. आठशे रुपये सांगितले. धाकटे दीर म्हणाले, आठशे रुपयांसाठी मालकाशी वाकडे कशाला घ्या. जाऊबाई म्हणाल्या, एक रुपया देऊ नकोस. मग सगळ्यांनी मला विचारले. मी तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला आजचे काही विचारले की मी आधी मागे जाते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा थोडा धसकाही आहे. तर मंडळी, चला मागे.

आम्ही १९७६ साली सांगलीत एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या. मालकांनी आम्हाला किल्ली दिलीच नाही, कारण द्यायला त्यांच्याकडे किल्ली नव्हती. दाराला कडी होती, चौकटीला कोयंडा होता आणि आतून अडसर. कुलूप आपले आपण आणायचे. ह्यांनी बाजारातून पितळी कुलूप आणले, त्याच्याबरोबर दोन किल्ल्या आल्या. एक माझ्या पर्समध्ये आणि दुसरी शेजारच्या काकूंच्या फडताळात, पोह्यांच्या डब्यामागे. मालकांकडे किल्ली ठेवावी असे ना त्यांच्या मनात आले ना आमच्या. पुढे बदली झाली तेव्हा सामान टेम्पोत चढवले, झाडू मारला, कुलूप काढून पिशवीत टाकले. मालकांनी येऊन रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि स्वतःचे कुलूप लावले. झाला व्यवहार. ते आमचे कुलूप पुढे तीन गावे हिंडले.

वाड्यांत आणि चाळींत सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच रीत होती. ज्याचे कुलूप त्याची किल्ली, आणि ज्याची किल्ली त्याचा ताबा. म्हणून तर मालक-भाडेकरूंची भांडणे विकोपाला गेली की मालक कुलपावर कुलूप घालीत असे. भाडेकरू गावाहून परत यावा तर कोयंड्यात दोन कुलपे! त्यावर कायद्यातही उपाय आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या कलम ६ प्रमाणे, ज्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून घराबाहेर काढले, त्याने सहा महिन्यांत दावा लावला तर ताबा परत मिळतो. मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे विचारातच घेत नाहीत. उलट बाजूने, मालकाने दावा जिंकला तर कोर्टाचा बेलिफ येतो, गरज पडली तर कुलूप तोडतो आणि ताबा मालकाला देतो. दोन्हीकडे केंद्रस्थानी ते एवढेसे कुलूपच.

मग हे बदलले केव्हा? माझ्या मते दाराला लॅच आले तेव्हा. आपल्याकडे चांगली कुलपे बनत होतीच. अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला तो १८९७ साली, आणि अलीगढचे कुलूप तर घरोघर असे. पण ही लटकती कुलपे. दाराच्या फळीतच बसवलेले, छोट्या सपाट किल्लीचे कुलूप ही मूळची अमेरिकेची देणगी. लायनस येल (धाकटे) यांनी १८६०च्या दशकात त्याची पेटंटे घेतली. मराठी मध्यमवर्गाच्या दारावर ते फ्लॅट संस्कृतीबरोबर आले. पुण्यात १९६१ साली पानशेतचे पाणी आले, नदीकाठचे कितीतरी वाडे पडले, आणि नंतरच्या वर्षांत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. इमारतीला जिना आला, जिन्यात बंद दारे आली, आणि दारांना लॅच.

लॅचने दोन गोष्टी केल्या. एक तर कुलूप घराचा भाग झाले. लटकते कुलूप भाडेकरू पिशवीत घालून नेऊ शकतो, लॅच नेता येत नाही. ते मालकाचे, मग त्याची किल्लीही मालकाकडूनच येणार. दुसरी गोष्ट म्हणजे जादा किल्ली ही गरज झाली. आमच्या त्या पितळी कुलपाला लावतानाही किल्ली लागे, त्यामुळे किल्ली घरात विसरून दार लावणे शक्यच नव्हते. लॅचचे दार वाऱ्याने लागते आणि माणूस दूध घेऊन बाहेर उभा! शिवाय शेजारच्या काकू आता नोकरीला जातात. पूर्वी एक किल्ली घरात आणि एक शेजारी, यात पाच-सात माणसांचे कुटुंब चालत असे. आता माणशी एक किल्ली लागते.

पण मालकाने दुसरी किल्ली स्वतःकडे का ठेवायची? इथे खरा इतिहास आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरटंचाई झाली, तेव्हा १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली. मग आला १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा, जो तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढी घेत घेत अर्धे शतक राहिला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले गेले आणि भाडेकरूला काढणे फार अवघड झाले. कायदा आला तेव्हा तो आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. फाळणीचे निर्वासित, गिरण्यांचे कामगार, एवढ्या माणसांना रस्त्यावर कोण काढणार होते? पण भाडे गोठले आणि घरे म्हातारी होत गेली. पाच रुपये भाड्यात मालक कौले तरी कशी शाकारणार! शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने, भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे, असे म्हटले.

तोवर मालकांनी वाट शोधली होती. भाड्याने द्यायचेच नाही, 'लीव्ह अँड लायसन्स'वर द्यायचे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्स म्हणजे नुसती परवानगी. भाडेकरूला जागेत हक्क निर्माण होतो, लायसन्सवाल्याला होत नाही. आता कागदावर काय, काहीही लिहिता येते! म्हणून न्यायालये कागदाच्या आत पाहू लागली. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या एका केशकर्तनालयाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता, निकाल १९५९चा. कागदावर लायसन्स लिहिलेले होते, तरी न्यायालयाने सांगितले की नाव काय दिले यापेक्षा व्यवहाराचे स्वरूप पाहायचे, आणि जागेचा अनन्य ताबा दिला असेल तर तो सकृतदर्शनी भाडेपट्टाच समजायचा.

अनन्य ताबा. म्हणजे मालकालाही बाहेर ठेवता येईल असा ताबा. मग तो तसा दिलेला नाही हे दाखवायचे कसे? किल्लीने! मालकाकडे एक किल्ली राहील, तो केव्हाही येऊ शकेल आणि कायदेशीर ताबा त्याचाच राहील, अशा अर्थाची कलमे करारनाम्यांत दिसू लागली ती यासाठी. ती किल्ली दार उघडण्यासाठी नव्हतीच, ती कोर्टात दाखवण्यासाठी होती. त्यात १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. मालकवर्गाने त्याची जी धास्ती घेतली ती पुढे पिढ्यान्पिढ्या पुरली. घर बंद ठेवीन पण देणार नाही, असे म्हणणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे असतील.

नंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडावी लागते, न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई. आणि लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे ताब्याचा पुरावा म्हणून किल्ली जवळ बाळगण्याचे कारण उरले नाही. जागा पाहायची असेल तर कलम २८ आहे : आधी सूचना द्या आणि वाजवी वेळी या. पण करारनामे झेरॉक्सची झेरॉक्स करत पुढे आले आणि त्यांच्याबरोबर ते किल्लीचे कलमही. आज ते कलम सांगणाऱ्या एजंटाला विचारा, असे का? "सगळे तसेच करतात, मॅडम."

हे सगळे नुसते कागदोपत्री असते तर मी एवढे लिहिले नसते. भाची रात्रपाळी करते, सकाळी झोपते. राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सकाळी अकरा वाजता तिला लॅच उघडल्याचा आवाज आला. बाहेरच्या खोलीत मालक प्लंबरला घेऊन उभा होता. बेल वाजवली नव्हती. "मला वाटले तुम्ही कामाला गेला असाल," म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट होते असे तिलाही वाटत नाही. पण त्यानंतर ती झोपताना दाराला खुर्ची लावू लागली. हे तिने ग्रूपवर लिहिले नव्हते, मला फोनवर सांगितले. (तिच्या परवानगीने इथे लिहिते आहे.) आठशे रुपयांचा हिशेब करताना ही खुर्ची सोडून करता येत नाही.

गंमत पाहा, इंग्रजीत 'की मनी' म्हणजे चक्क पागडी! भाडे वाढवायला बंदी असेल तेव्हा घर मिळवण्यासाठी आधी द्यावी लागणारी जाडजूड रक्कम. आपल्याकडे १९४७च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले आणि तरी मुंबईत ती उघड गुपित म्हणून चालली. १९९९च्या कायद्याने ती कायदेशीर करून टाकली. किल्लीच्या नावाने लाखो घेता येतात आणि किल्लीसाठी आठशे देववत नाहीत, असो.

आता उत्तर. केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणी काय दुरुस्त करायचे ते लिहिले आहे. रंगरंगोटी, पाण्याचे पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, खिडकीच्या काचा आणि दाराच्या मुठी व कुलपे बदलणे भाडेकरूकडे. धाकट्या दिरांनी हेच ग्रूपवर विजयी मुद्रेने टाकले होते. मला ते पटत नाही. बदलणे वेगळे आणि मुळात देणे वेगळे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेपट्ट्यात मालकावर जागेचा ताबा देण्याची जबाबदारी टाकलेलीच आहे. लायसन्सचा कागद वेगळा, पण न्याय तोच लावावा असे मला वाटते. दोघींनी राहायचे असा करार केला आणि किल्ली एकीलाच दिली, तर अर्धेच घर दिले. करारात ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाला पहिली किल्ली मालकाने स्वतःच्या पैशाने द्यावी. कामवाल्या मावशींसाठी, सुट्टीत येणाऱ्या आईवडिलांसाठी हवी असेल तर ती भाडेकरूने करावी आणि जाताना सगळ्या परत द्याव्यात. हरवली तर हरवणाऱ्याने भरावी. आणि मालकाने स्वतःजवळ ठेवायची असेल तर ती त्याच्या खर्चाने, पाकिटात बंद करून, पाकिटावर दोघांच्या सह्या करून. आग लागली, नळ फुटला, तर जरूर फोडावे.

भाचीने हे असेच मालकाला लिहून पाठवले, नम्रपणे. तो आधी फुगला, मग त्याच्या बायकोने त्याला काय सांगितले कोण जाणे, दोन दिवसांनी आठशे रुपये देतो म्हणाला. पाकिटाला मात्र अजून तयार नाही. ते बोलणे चालू आहे.

एक गोष्ट मात्र त्या चार दिवसांत कोणीच काढली नाही. आधीच्या भाडेकरूने किती किल्ल्या करून घेतल्या होत्या? त्याच्या आधीच्याने? पितळी कुलपाच्या काळात हा प्रश्न नव्हता, प्रत्येक बिऱ्हाड आपले कुलूप घेऊन जाई. लॅच तिथेच राहते आणि त्याच्या किल्ल्या गावभर. चावीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, पूर्ण लॅच बदलायची गरज नसते, बऱ्याच लॅचमध्ये आतला सिलिंडर तेवढा बदलता येतो, दहा मिनिटांचे काम. हा खर्च दर भाडेकरूमागे मालकाचा. त्याने दोन सिलिंडर घेऊन ठेवावेत आणि आलटून पालटून बसवावेत, म्हणजे निदान नुकताच गेलेला भाडेकरू आपल्या जुन्या किल्लीने आत येणार नाही.