पीकरक्षणाची बंदूक आणि गोळीची निवड : आर्वी परिसराच्या अनुषंगाने

दूरच्या पल्ल्यावरून उपद्रवी जनावर टिपण्यासाठी कोणती गोळी निवडावी, हा प्रश्न वरकरणी केवळ शस्त्रविद्येचा वाटतो. अंतर, वारा, जनावराचे वजन आणि गोळीचा वेग एवढ्या चार गोष्टींचा मेळ घातला की उत्तर मिळेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी परिसराच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र निराळेच चित्र दिसते. येथील शेतकऱ्याच्या हाती कोणती गोळी पडावी हे अंतराने ठरविले नाही, जनावरानेही ठरविले नाही. ते कायद्याने ठरविले. ही निवड कशी घडली आणि तिचा भार कोणावर पडला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आर्वीच्या पश्चिमेस वर्धा नदीचे खोरे आहे, तर उत्तरेस व पूर्वेस आष्टी-कारंजाच्या बाजूने सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या उतरत येतात. काळ्या जमिनीतील कापूस, तूर, ज्वारी, हरभरा आणि संत्र्याच्या बागा यांना लागूनच झुडपी जंगल सुरू होते. रोही आणि रानडुक्कर ही या सीमेवरची नित्याची जनावरे होत. त्यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्री जागल करणे, मचाण बांधणे, आरोळ्या देणे आणि गोफण फिरविणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गोफणीतही निवड होतीच. गोफणगुंडा फार हलका असला तर दूर जात नाही, ओबडधोबड असला तर सरळ जात नाही. म्हणून नदीपात्रातील गोल, मुठीत मावणारा दगड पसंत केला जाई. प्रक्षेप्य वस्तूचे वजन व आकार यांचा पल्ल्याशी असलेला संबंध जागल्याला ग्रंथावाचून ठाऊक होता.

भाषेनेही हा संबंध जपून ठेवला आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुन्दुक’ या शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ एक कवचीचे फळ असा असून, त्यावरून तो धनुष्याने फेकावयाच्या मातीच्या गोळीस लावला गेला आणि अखेरीस गोळी फेकणाऱ्या नळीचे नाव बनला. म्हणजे शस्त्राला नाव मिळाले ते गोळीवरून. ‘दारू’ फारसीतून आली, तेथे तिचा एक अर्थ औषध असा आहे. ‘काडतूस’ हा शब्द युरोपीय भाषांतून, बहुधा पोर्तुगीजांच्या द्वारे, मराठीत उतरला. शस्त्र जसजसे बदलले तसतसा शब्दसंग्रह बदलला. ‘ठासणीची बंदूक’ आणि ‘काडतुसाची बंदूक’ हा भेद लोकांनी स्वतःच केला. पुढे कायद्यानेही याच भेदाचा आधार घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इ. स. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. त्याच सुमारास या प्रांतात काम करणारा कॅप्टन जेम्स फोरसिथ हा अधिकारी गोळीच्या निवडीवर ग्रंथरचना करीत होता. शिकारी रायफल व तिची प्रक्षेप्ये यांवरील त्याचे पुस्तक १८६३ मध्ये निघाले; मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ त्याच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १८७१ मध्ये, प्रकाशित झाला. फोरसिथचे प्रतिपादन असे की, जंगलात अंतराचा अचूक अंदाज करण्यास वेळ नसतो. म्हणून गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट हवा. त्या काळच्या लांबट गोळीचा मार्ग कमानीसारखा वर जाऊन खाली येई, त्यामुळे अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी नेम चुके. यावर त्याने मोठ्या व्यासाची गोल गोळी, दारूचा भरपूर बार आणि नळीत अतिशय मंद पेच असा उपाय सुचविला. पेच तीव्र असला तर जोराच्या बाराने गोळी आट्यांना न जुमानता सरळ निसटते, हे त्याचे कारण होय.

फोरसिथचे हे विवेचन ज्या प्रदेशात आकारास आले, त्याच प्रदेशातील कुणब्याला मात्र निवडीचा अधिकार उरला नव्हता. काडतुसाच्या निमित्ताने भडकलेल्या १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे झाले आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याची पद्धत पक्की केली. त्याखालील नियमांनी युरोपीयांना दीर्घकाळ सूट दिली. या विषमतेविरुद्ध राष्ट्रीय सभेने वारंवार ठराव केले. १९२७ साली नागपुरात मंचेरशा आवारी यांनी शस्त्रकायदा मोडण्याचा सत्याग्रह केला.

साम्राज्याच्या भीतीचा परिणाम खुद्द गोळीच्या व्यासावरही झाला. लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ·४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, तर लष्कराचा ·३०३ व्यास सामान्य नागरिकास वर्ज्य ठरला. त्यामुळे ·३१५ हा व्यास येथे रूढ झाला. इच्छापूर येथील कारखान्यात तयार होणारी याच व्यासाची रायफल पुढे भारतीय शिकाऱ्याची परिचित रायफल बनली. तिची सुमारे २४४ ग्रेन वजनाची, मऊ टोकाची गोळी मध्यम वेगाची होती. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. कलकत्त्याजवळील दमदम येथे विकसित झालेल्या प्रसरणशील गोळीचा युद्धातील वापर १८९९ च्या हेग घोषणेने निषिद्ध मानला; शिकारीत मात्र तीच जात दयेची समजली जाते, कारण ती जनावर लवकर मारते आणि पार निघून पलीकडे इजा करण्याची शक्यता कमी असते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्रकायदा झाला व तो १९६२ मध्ये अमलात आला. त्याच्या १३ व्या कलमाने खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद केली. ती अपुरी असल्याची अधिकाऱ्याची खात्री झाली तरच किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलीसाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. यातून निवडीची मर्यादा स्पष्ट होते. ठासणीच्या बंदुकीत एका बारानंतर पुन्हा दारू, गोळी किंवा छर्रे गजाने ठासेपर्यंत कळप निघून जातो. गुळगुळीत नळीतून सुटलेले एल. जी. वा एस. जी. जातीचे मोठे छर्रेही तीस-चाळीस यार्डांपलीकडे विखुरतात. एवढ्या अंतरावर रानडुक्कर जखमी झाले तर ते तुरीत शिरते, आणि सकाळी त्याच तुरीत वेचणीला वा निंदणीला माणसे जावयाची असतात.

तेव्हा दूर पल्ल्याची अमेरिकन रायफल आणावी, असा युक्तिवाद केला जाईल. परंतु तेथील शास्त्र निराळ्या जनावरासाठी रचलेले आहे. १९३५ मध्ये विंचेस्टर कंपनीने आणलेले ·२२० स्विफ्ट हे काडतूस ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाने फेकी. पातळ कवचाची ही गोळी लागताच फुटते आणि जमिनीवर आदळली तरी उसळून दूर जात नाही. कुरणात बिळे करणाऱ्या, काही शेर वजनाच्या प्राण्यासाठी ती योग्य होय. जाड कातडीच्या, दीडदोन मणांच्या डुकराला तीच गोळी वरवरची जखम करून सोडील. इंग्रजी ‘वर्मिन’ हा शब्द कृमिवाचक लॅटिन शब्दापासून आला. ‘वर्मिंट’ हे त्याचेच बोलीरूप. मराठीतील ‘उपद्रवी’ हे विशेषण जनावराची जात सांगत नाही, केवळ त्याचे वर्तन सांगते. या दोन शब्दांना समानार्थी मानून गोळी निवडली, तर चूक शब्दकोशात होते आणि तिचे परिणाम शेतात दिसतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणखी एक पायरी वाढविली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले. उभ्या पिकास धोका करणारे जनावर मारण्यास ११ व्या कलमाखाली अधिकाऱ्याची अनुज्ञा लागते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्यासंबंधी ही अनुज्ञा देण्याची पद्धत सुलभ केली. नैतिक बाजूही दुर्लक्षणीय नाही. १९३६ पासून वर्धा जिल्ह्यातच सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींनी त्यापूर्वी, १९२८ मध्ये, साबरमतीच्या आजारी वासराच्या चर्चेत पिके नासणाऱ्या वानरांचा प्रश्न उपस्थित केला होता. शेती करणाऱ्यास हिंसेचा प्रश्न टाळता येत नाही, याची त्यांना जाणीव होती.

या सर्व विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. फोरसिथने अंतरापासून आरंभ केला, साम्राज्याने संशयापासून, आणि स्वतंत्र भारताच्या कायद्याने तोच संशय सौम्य स्वरूपात पुढे चालविला. शेतकऱ्याला शस्त्र नाकारले गेले नाही. परंतु त्यास जे शस्त्र प्रथम देऊ केले ते जनावराला हमखास मारण्यास अपुरे आणि जखमी करण्यास पुरेसे होते. पीकरक्षणाच्या धोरणाचा विचार करताना परवान्यांची संख्या मोजली जाते. त्या परवान्यावर कोणती गोळी, किती अंतरावर आणि कोणत्या जनावरासाठी, हेही विचारले गेले पाहिजे. नदीपात्रातून दगड वेचणाऱ्या जागल्याला हे तिन्ही प्रश्न सुचत होते.