गल्लीचा कुत्रा, घरचा कुत्रा

भुलेश्वरच्या पांजरापोळात आज शिरलात तर गाई दिसतात, आणि त्यांना चारा घालून पुण्य जोडणारी माणसं. ही जागा उभी राहिली ती मात्र कुत्र्यांपायी. बेवारस कुत्र्यांना घरं शोधून देण्याचं काम मी गिरगावात बसून करते, म्हणून ती हकिकत मला आमच्या घराण्याच्या इतिहासासारखी वाटते.

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची मुभा इंग्रज सरकारने १८१३ पासूनच दिली होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली, शिवाय दर कुत्र्यामागे बक्षीस. बक्षीस आलं की काय होतं ते सांगायला नको. शिपाई लोकांच्या घराच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. त्या वर्षी ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारणाऱ्या गोऱ्या शिपायांवर पारशी जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

पारशांना एवढं का लागलं? मृताला दखम्यात, म्हणजे शांततेच्या मनोऱ्यात, नेण्याआधी कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी लागते, तो सगदीदचा विधी. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा त्यासाठी उत्तम, म्हणून तो चार डोळ्यांचा म्हणायचा. जेवणाआधी कुत्र्याचा घास काढून ठेवायचीही त्यांची रीत. रस्त्यावरचा कुत्रा सरकारला बेवारस दिसत होता. घास काढून ठेवणाऱ्याला तो आपलाच होता. भांडणाचं मूळ मला इथेच दिसतं.

आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. गिरगावातल्या वाडीत कुत्रा कुणा एकाचा कधीच नसायचा. पहिल्या मजल्यावरून भाकरी यायची, तळमजल्यावरून मच्छीचे काटे, आणि पावसात तो जिन्याखाली झोपायचा. त्याला 'घर शोधून द्यावं' असं कुणाच्या मनातही येत नसे. वाडी हेच त्याचं घर.

दंग्यानंतर शहाण्या माणसांनी मार्ग काढला. जमशेटजी जिजीभाईंनी जैन व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन १८३४ मध्ये पांजरापोळ सुरू केलं. मारण्याऐवजी कुत्री इथे आणावीत, पोसावीत. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत निघाली. पुढे दिनशा पेटिटांच्या देणगीतून परळचं प्राण्यांचं इस्पितळ उभं राहिलं. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाईंचं नाव आहे. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आजही जखमी कुत्रा सापडला की टॅक्सीवाल्याला एवढंच म्हणावं लागतं, "परळ, बैलघोडा इस्पितळ."

एवढं होऊनही मारणं थांबलं नव्हतं. गाडीतून पकडून नेलेली कुत्री विजेचा झटका देऊन मारण्याची महापालिकेची पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली. ती १९९४ मध्ये बंद झाली आणि नसबंदी सुरू झाली. २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले: पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस द्या आणि उचललं त्याच गल्लीत परत सोडा. या नियमाच्या मुळाशी जुन्या वाडीचंच शहाणपण आहे असं मला वाटतं. गल्लीच्या कुत्र्याला गल्ली ओळखते.

पण ज्याला गल्लीच नाही त्याचं काय? १९९४ मध्येच 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीसारखं पांढरं, झुबकेदार कुत्रं घरोघरी हवंसं झालं. २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका पोराच्या मागे मागे चालणारा पग आला, की पगांची लाट. लाट ओसरली की कुत्री उरतात. भाड्याचं घर बदललं, बाळ झालं, साहेबांची बदली झाली, आणि पॉमेरेनियन इस्पितळाच्या फाटकाला बांधलेलं सापडतं. त्याला गल्लीतली कुत्री आपल्यात घेत नाहीत. निवाऱ्यात ठेवावं तर तिथे दिवसभर भुंकण्याचा कल्लोळ, पाण्याच्या बादल्या, लोखंडी दारांचा आवाज. पांजरापोळाने हजारो जीव वाचवले, त्याला माझा मनापासून नमस्कार. पण जे कुत्रं मांडीवर वाढलं ते गर्दीत खचतं.

चिंगी अशीच आली. साडेचार किलोची, कानामागे केसांच्या घट्ट गाठी. माझ्याकडे असताना ती कुणी बघत असेल तर पाणी प्यायची नाही. भांडं कपाटाच्या आडोशाला सरकवलं, मी पाठ फिरवली, की लपलप ऐकू यायची. कुकरची शिट्टी झाली की ओठ चाटायची, कान मागे पाडायची आणि पुढचा पंजा उचलून तशीच उभी राहायची. ही भीती आहे. लोकांना वाटतं शेकहँड देतेय.

म्हणून घर बघायला जाते तेव्हा मी फर्निचर बघत नाही. बेल किती वेळा वाजते, खाली बँजो पथकाची तालीम चालते का, लहान मुलं उचलून घेतात का, कुत्र्याला पाठ टेकून झोपायला कोपरा आहे का, आणि त्या कोपऱ्यात घरातलं कुणी हात घालणार नाही ना, हे विचारते. सोसायटीवाले हरकत घेतात, तेव्हा पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी करता येत नाही हेही समजावून सांगते.

मुलुंडच्या तळमजल्यावरचं एक निवृत्त जोडपं आलं. काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, ही अंगाशी कधी येईल?"

"काका, तुम्ही पेपर वाचत बसा. ती यायची तेव्हा येईल."

काकू म्हणाल्या, "मग कुकर मी हॉलचं दार लावून लावत जाईन." तिथेच मी मनातून चिंगी त्यांना देऊन टाकली.

दर दिवाळीला ती दोघं नाशिकला मुलीकडे जातात. परवा काकूंचा फोन आला होता, फटाक्यांच्या दिवसांत आतल्या खोलीची खिडकी गोधडीने बंद केली तर चालेल का म्हणून. यंदा मुलगीच मुलुंडला येणार आहे.