टेकडीचा रस्ता आणि जाखडीचा फेर

आमच्या बुकित तिमाहचा हमरस्ता १८४० च्या दशकात कैद्यांच्या श्रमांतून झाला. १८२५ ते १८७३ या काळात हिंदुस्थानातून सिंगापुरात आणलेल्या कैद्यांत मुंबई इलाख्यातली माणसेही होती. त्यांचा रस्ता आम्ही रोज तुडवतो. त्यांचा एकही नाच आमच्यापर्यंत आलेला नाही.

येणार तरी कसा? गौरी-गणपतीत कोकणात रंगणाऱ्या जाखडीला फेर लागतो. मधे ढोलकी-झांजा घेऊन गाणारे बसतात, भोवती एका पायात चाळ बांधलेले नाचे फिरतात. शक्तिवाले आणि तुरेवाले सवाल-जवाबात रात्र काढतात. त्यासाठी चाल ठाऊक असलेली वाडीच जवळ हवी. (मुंबईकर याच नाचाला 'बाल्या नाच' म्हणून हसले, ते आम्हाला कधी रुचले नाही.) घरदार सुटलेल्या कैद्याने फेर कोणाबरोबर धरावा?

गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या लोकांना उसाच्या मळ्यांवर निदान शेजार मिळाला, संसार उभे राहिले. म्हणून जाखडी तिथे 'झाकरी' होऊन जगली. आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि झाकरी नाचली जाते.

आम्ही इथे मुलांना रांगेत, ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचवत होतो. देखणे दिसायचे, पण गाणारे कोणीच नसायचे. यंदा खुर्च्या भिंतीला लावल्या, ढोलकीवाल्याला मधोमध सतरंजीवर बसवले आणि फेर धरला. पहिल्याच दिवशी दोन मुली एकमेकींवर आदळल्या. तिसऱ्या दिवशी ध्रुपद मुलांनी आपणहून उचलले.