विन्सॉक.डीएलएल : एक नाव, अनेक प्रती

वैयक्तिक संगणकांवरील इंटरनेटचा इतिहास बहुधा ब्राउझरपासून सांगितला जातो. त्याच्या खालचा एक थर त्यातून गळून पडतो. एप्रिल १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ ला इंटरनेटची भाषा, म्हणजे टीसीपी/आयपी, मुळात येतच नव्हती. ती शिकवणारी सॉफ्टवेअरे निरनिराळ्या कंपन्या विकत आणि प्रत्येकीची बोली वेगळी असे. या बोलींना समान व्याकरण असावे म्हणून ‘विंडोज सॉकेट्स’ हा संकेत ठरला, त्याची १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ ची. पुरवठादार कोणीही असो, फाइलचे नाव विन्सॉक.डीएलएल हेच राहिले.

पुढच्या अडचणींचे मूळ या समान नावातच होते. एकाच संगणकावर या नावाच्या दोन-तीन फाइली सहज सापडत: एक कार्यालयातील नेटवर्कसाठी, दुसरी मोडेमसाठी. नाव तेच, आतला मजकूर भिन्न. विंडोज त्यांतली कोणती उचलणार हे डिरेक्टरींच्या क्रमावर ठरे. आणि त्या नावाची एखादी प्रत मेमरीत आधीच असली, तर नवी न शोधता तीच वापरली जाई. त्यामुळे सकाळी चाललेला प्रोग्राम दुपारी बंद पडे, तेही केवळ दुसरा एखादा आधी उघडला म्हणून! दुरुस्ती करणारा सगळ्या प्रती हुडकी, त्यांच्या तारखा आणि आकार ताडून पाही, एक ठेवून बाकीच्यांची नावे बदली. पाठचिकित्सेची सवय असलेल्यांना हे काम परके वाटणार नाही. मात्र इथे ग्राह्य पाठ एकच: जो चालेल तो.

या प्रतींपैकी सर्वांत जास्त पसरली ती ट्रम्पेट विन्सॉक. टास्मानिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काम करणाऱ्या पीटर टॅटम यांनी ती लिहिली आणि १९९४ मध्ये शेअरवेअर म्हणून खुली केली: आधी वापरा, पटल्यास पंचवीस डॉलर पाठवा. तिच्यासोबत लॉगिनची एक छोटी संहिता येई. मोडेमला काय सांगायचे, पलीकडून कोणता शब्द येईपर्यंत थांबायचे, मग काय उत्तर द्यायचे, असा तो संवादच होता. पलीकडच्या यंत्राने शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहिले, इकडच्या संहितेत ते लहान असले, की संवाद तिथेच खुंटे. जाणकारांनी युनिक्सच्या वहिवाटीतून यावर एक तोड उचलली होती. ‘लॉगिन’चे पहिले अक्षर गाळायचे आणि उरलेल्या तुकड्याचीच वाट पाहायची.

सगळेच दोष मजकुरातले नसत. जुन्या संगणकांतील ८२५० ही सिरियल चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवी. विंडोज दुसऱ्या कामात गुंतले की पुढचा बाइट आधीच्यावर येऊन आदळे. १६ बाइट साठवणारी १६५५०ए बसवली की तेच सॉफ्टवेअर सुरळीत चाले.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. त्यात टीसीपी/आयपी अंगभूत होते. म्हणजे आपण ज्या आठवड्यात दारात पोहोचलो, त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती किल्ली जुनी ठरली. विद्यार्थ्यांच्या स्वस्त शेल खात्यावर तर नुसता मजकूरच दिसे; चित्रांसह जाळे पाहायला टीसीपी/आयपी खाते लागे, आणि ते कितीतरी महाग होते.

टॅटम यांच्या वाट्याला काय आले? ऑस्ट्रेलियातील ओझईमेल कंपनीने ट्रम्पेट विन्सॉक परवानगीशिवाय नियतकालिकांसोबतच्या डिस्कांवर वाटली. १९९६ मध्ये तेथील फेडरल कोर्टाने हा स्वामित्वहक्काचा भंग ठरवला. प्रत फुकट वाटायला मुभा आहे म्हणून लेखकाच्या अटी संपत नाहीत, हा त्या निकालातला मुद्दा संहितांच्या अभ्यासकांनी मुळातून पाहावा असा आहे. असंख्य वापरकर्त्यांनी मात्र ते पंचवीस डॉलर कधीच पाठवले नव्हते. त्यांतल्या काहींनी २०११ मध्ये, म्हणजे जवळपास सतरा वर्षांनी, टॅटम यांच्यासाठी वर्गणी सुरू केली. तोवर ती फाइल चालवू शकणारे संगणक बहुतेक भंगारात गेले होते.